अमरावती ते वर्तकनगर, बाईकवर एकट्याने

शेवटचा व्हायवा आटोपला की फायनल इयरच्या कॉरिडॉरमध्ये एकच विषय चालतो. जॉइनिंग कधी आहे, कुठे आहे आणि जायचं कसं? 'कुठे'चं उत्तर आपल्याकडे बहुतेकांचं एकाच दिशेला असतं. पुणे, नाशिक, ठाणे, मुंबई, म्हणजे पश्चिम. मग प्रश्न उरतो बाईकचा. चार वर्षं कॉलेजच्या रस्त्यावर पळवलेली गाडी घरी झाकून ठेवायची, रेल्वेने पार्सल करायची, की चालवत न्यायची?

मी चालवत नेली. जूनच्या शेवटच्या आठवड्यात, एकट्याने, १२५ सीसीची साधी गाडी, अमरावतीहून ठाण्याच्या वर्तकनगरला. तेव्हापासून ज्युनिअर्सचे फोन येतात आणि प्रत्येकाला तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. प्रवासवर्णन म्हणून वाचू नका. कुठे सूर्य उगवला आणि मनात काय काय दाटून आलं, ते यात नाही. यात आहे तो हिशोब.

घरी हा बेत सांगितला तेव्हा आई म्हणाली, "एकटा कायले जातं बापा? रेल्वेनं जाय ना!" बाबांनी एकच विचारलं, "मुक्काम कुठी करशीन?" आईच्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता सगळा प्रवास आखून झाला.

आधी एक गैरसमज दूर करू. फोन करणारा प्रत्येक जण म्हणतो, "समृद्धीनं आठ तासांत पोचशील की!" समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला. रस्ता आपल्याच जिल्ह्यातून जातो. पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. रिक्षा नाही, ट्रॅक्टर नाही, बाईकही नाही. तेव्हा आठ तास हा आकडा चारचाकीवाल्यांचा, आपला नाही.

बंदी का, हे समजून घेण्यासारखं आहे. तिथे कारची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. सामान लादलेली १२५ सीसीची गाडी ६० ने चालली असेल, तर मागून येणारी कार तिच्याकडे ताशी ६० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटरने येत असते. कारवाल्याला झोपेची एक डुलकी आली तर? म्हणजे तीन सेकंदांत पन्नास मीटर अंतर संपलं. सरळ, रिकाम्या, एकसारख्या रस्त्यावर डुलकी लागतेच. १ जुलै २०२३ च्या पहाटे नागपूरहून पुण्याला निघालेल्या खासगी बसला सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर अपघात होऊन आग लागली आणि २५ माणसं गेली. तशाच रात्रीच्या बसने आपली निम्मी मुलं पुण्याला जातात. हे घाबरवायला सांगत नाही. 'बाईक म्हणजे धोका आणि बस म्हणजे सुरक्षित' एवढं सोपं गणित मांडता येत नाही, इतकंच म्हणायचं आहे. रात्र दोन्हीकडे वाईट.

म्हणून आपला रस्ता जुनाच. अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, बाळापूर, खामगाव, नांदुरा, मलकापूर, मुक्ताईनगर, भुसावळ, जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे. हा जुना एनएच ६, ज्याचा नंबर आता ५३ झालाय. धुळ्याला डावीकडे वळून मुंबई-आग्रा रस्ता धरायचा, जुना एनएच ३. मालेगाव, चांदवड, पिंपळगाव, नाशिक, घोटी, इगतपुरी, कसारा, शहापूर, पडघा, भिवंडी बायपास, ठाणे. एकूण अंतर पावणेसातशे किलोमीटरच्या आसपास. नंबर बदलले तरी ढाब्यावर विचारताना 'सहा नंबर' आणि 'आग्रा रोड'च म्हणा, लगेच कळतं. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. नाक्यावर अगदी डावीकडची मोकळी लेन धरा आणि पुढे व्हा.

आता मुक्कामाचा हिशोब. लहान बाईकची सरासरी कागदावर ६० दिसते. चहा, पेट्रोल, पाय मोकळे करणं, गावातली गर्दी धरली की ती ४५ वर येते. ६७५ ला ४५ ने भागा, पंधरा तास झाले. जूनमध्ये उजेड असतो तेरा-साडेतेरा तास. म्हणजे एका दिवसात हा प्रवास उजेडी होतच नाही, शेवटचे दोन तास अंधारात जाणार. आणि ते शेवटचे दोन तास कुठले? भिवंडी आणि ठाणे! सगळ्यात जास्त ट्रक, सगळ्यात जास्त खड्डे आणि पंधरा तास चालवून थकलेला चालक. 'एका दिवसात मारला' म्हणून छाती फुगवणारे सिनिअर प्रत्येक हॉस्टेलवर असतात. त्यांचं ऐका, चहा पाजा आणि दोन दिवसांचा बेत करा.

पहिल्या दिवशी अमरावती ते धुळे, साधारण ३८० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी धुळे ते ठाणे, साधारण ३००. दुसरा दिवस मुद्दाम लहान ठेवलाय, कारण घाट आणि भिवंडी दोन्ही त्याच दिवशी येतात. दुसरा दिवस रविवारी येईल असं बघा. मुक्कामाला लॉज मिळतो, पण आपल्या हॉस्टेलवर खानदेशातली मुलं कमी आहेत का? मी बॅचमेटच्या घरी उतरलो. त्याच्या आईने कळण्याची भाकरी आणि शेवभाजी वाढली, आणि आमचे दोन्ही घरचे निर्धास्त झोपले.

पश्चिमेला जाताना एक गोष्ट नकाशा सांगत नाही. सकाळी सूर्य पाठीशी असतो, सगळं लख्ख दिसतं. दुपारी चारनंतर तोच सूर्य समोर येतो. अकोला ते धुळे रस्ता जवळजवळ सरळ पश्चिमेला जातो, त्यामुळे पाचच्या सुमारास हेल्मेटच्या काचेवरचा प्रत्येक ओरखडा पेटल्यासारखा चमकतो आणि समोरचा ट्रक म्हणजे नुसता काळा ठोकळा दिसतो. ब्रेक लाइट लागलाय की नाही कळत नाही. म्हणून पहाटे साडेपाचला निघायचं आणि तीनच्या आत धुळे गाठायचं. हेल्मेटची काच नवी घ्या, एका पिझ्झाच्या पैशात येते. जाता जाता गंमत म्हणून : अमरावती आणि ठाणे यांच्या रेखांशात पावणेपाच अंशांच्या आसपास फरक आहे. अंशाला चार मिनिटं, म्हणजे ठाण्याला सूर्य एकोणीसेक मिनिटं उशिरा मावळतो. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात 'अजून कसा उजेड आहे' असं वाटतं ते त्यामुळे.

अमरावती-अकोला रस्ता सिव्हिलवाल्यांनी तरी नीट बघून घ्यावा. जून २०२२ मध्ये या पट्ट्यात ७५ किलोमीटर लांबीची डांबरी काँक्रीटची एक लेन सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकली गेली आणि गिनेसमध्ये नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, पंचवीस किलोमीटरचा. त्याआधी अनेक वर्षं याच रस्त्याने आपल्या कमरेची काय अवस्था केली होती, ते अकोल्याच्या मुलांना विचारा.

मलकापूर सोडलं की वऱ्हाड मागे पडतं. कपाशीच्या जागी केळी दिसायला लागतात, भुसावळजवळ दीपनगर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात आणि भाषेचा सूरही बदलतो. जळगाव ते धुळे ऊन फार लागतं. तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं, दर दीड तासाला उतरायचं. एकटं जाण्यातली खरी अडचण इथे कळते. मागे बोलायला कोणी नसतं, त्यामुळे डोळे जड झालेत हे सांगणाराही कोणी नसतं. एक खूण लक्षात ठेवा. गेलेलं शेवटचं गाव कुठलं, हे चटकन आठवलं नाही तर पुढच्या झाडाखाली गाडी लावा आणि पंधरा मिनिटं आडवे व्हा. चहाने झोप जात नाही, थोडी पुढे ढकलली जाते.

धुळ्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. १८८३ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून पास झालेला एक तरुण पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागला आणि सुरुवातीलाच नाशिक-खानदेशात कामाला आला. पांझरा नदीच्या पात्रातून पाण्याचा सायफन बांधणं हे त्याच्या पहिल्या कामांपैकी एक. नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. आपण १५ सप्टेंबरला ज्यांच्या फोटोला हार घालतो, तेच. फ्रेशरचं पहिलं पोस्टिंग हे असं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा साडेपाच. मालेगावनंतर चांदवडच्या अलीकडे राहुड घाट लागतो, लहानसाच, पण इथे ट्रक रांगतात, घाई करू नका. चांदवडला अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे. वेळ असेल तर बघा, मला नव्हता. नाशिक फ्लायओव्हरवरून मागे पडतं.

आणि मग हवा बदलते. नाशिकपर्यंत माझ्या कपड्यांवर धूळ होती. घोटीला ढग खाली आले, इगतपुरीला पाऊस असा लागला की पुढची गाडी दिसेना. कारण सरळ आहे. अरबी समुद्रावरून येणारी ओली हवा सह्याद्रीला अडते, वर चढते, थंड होते आणि माथ्यावरच रिकामी होते. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पन्नासेक किलोमीटरवरच्या नाशिकला त्याचा चौथा हिस्साही धड नाही. आपण वऱ्हाडातली मुलं 'पाऊस' म्हणतो ते काहीतरी वेगळंच असतं. रेनकोट बॅगेच्या तळाशी असेल तर तो काढेपर्यंत तुम्ही भिजलेले असता, तेव्हा नाशिक सोडतानाच अंगात घाला.

ओल्या रस्त्याचं गणितही करून ठेवा. ताशी ६० ला कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरला तर ब्रेक दाबल्यापासून वीस मीटरवर गाडी थांबते. ओल्यावर ०.४ धरा, पस्तीस मीटर लागतात. ब्रेक दाबायच्या आधीचा एक सेकंद म्हणजे आणखी सतरा मीटर, ते वेगळेच. ४० वर आलात तर ओल्यावरही सोळा मीटरमध्ये थांबता. वेग दीडपट, अंतर सव्वादोनपट. वेगाचा वर्ग आपण अकरावीपासून लिहितोय.

आता कसारा घाट. याचं जुनं नाव थळ घाट. पठार इथे संपतं आणि कोकण सुरू होतं. विदर्भ, खानदेश, नाशिककडून मुंबईला येणारं जवळजवळ सगळं याच खिंडीतून खाली उतरतं, रेल्वेसुद्धा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, पण कसारा-इगतपुरी घाटातून रेल्वे जायला १ जानेवारी १८६५ उजाडला. चौतीस किलोमीटर सपाटीनंतर हा डोंगर पार करायला पुढची पावणेबारा वर्षं लागली. चढ ३७ ला १ इतका, म्हणून आजही गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. समृद्धीने हा प्रश्न आठेक किलोमीटरच्या जोडबोगद्याने सोडवला. आपल्याला मात्र वळणं घेतच उतरायचं आहे.

उतार साधारण ३०० मीटरचा. गाडी, तुम्ही आणि सामान मिळून २१० किलो धरा. एमजीएच काढा, सव्वासहा लाख ज्यूलच्या जवळ येतं. एवढ्या उष्णतेत दोन लिटर पाणी तिसावरून शंभर अंशांवर जातं. ही ऊर्जा कुठेतरी गेलीच पाहिजे. तुम्ही गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवत उतरलात, तर हवेचा विरोध सोडून बाकी सगळी त्या हाताएवढ्या ड्रममध्ये किंवा डिस्कमध्ये जाते. लायनर तापले की त्यांचं घर्षण कमी होतं, डिस्क असेल तर जुनं, पाणी शोषलेलं ब्रेक ऑइल उकळून त्यात बुडबुडे होतात. लिव्हर दाबला जातो, गाडी थांबत नाही. म्हणून घाट सुरू व्हायच्या आधीच तिसरा गिअर, गरज पडली तर दुसरा, आणि ॲक्सिलरेटर बंद. इंजिन आत हवा ओढायला आणि दाबायला जी ताकद खातं, तीच तुम्हाला रोखून धरते. ब्रेक फक्त वळणाच्या आधी, थोडा वेळ दाबून सोडून द्यायचा. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, हे ट्रकवाल्यांचं सूत्र आहे आणि आपल्या पुस्तकातल्या कुठल्याही सूत्राइतकंच बरोबर आहे.

हाच हिशोब चाळीस टनी ट्रेलरला लावा, चारशे लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता निघते. घाटात जळका वास येतो तो याचाच. अशा ट्रेलरच्या पुढे उतारावर राहू नका. जागा देऊन त्याला जाऊ द्या, नाहीतर बराच मागे राहा. दरडीच्या कडेला फोटोसाठी थांबणं हा तर शुद्ध मूर्खपणा आहे. धबधबा छान दिसतो हे मान्य, पण वरून फक्त पाणीच येईल याची हमी कोण देणार?

कसारा आलं की लोकल दिसते आणि पोचल्यासारखं वाटतं. पोचलेले नसता! ठाणे अजून सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे. शहापूर, पडघ्यापर्यंत ठीक. वडप्यापासून माजिवड्यापर्यंतचे चोवीसेक किलोमीटर मात्र सगळ्या प्रवासाची परीक्षा घेतात. भिवंडीची गोदामं म्हणजे अर्ध्या देशाच्या मालाचं वाटप केंद्र. त्यात अवजड वाहनांना ठाण्यात ठरावीक वेळांतच सोडतात. ती वेळ नसली की ट्रक रांगेने उभे राहतात, सुटली की सगळे एकदम निघतात. दोन कंटेनरच्या मधल्या फटीतून घुसणारे स्थानिक बाईकवाले दिसतील. त्यांना त्या फटीची सवय आहे, तुमच्या दोन्ही बाजूंना बॅगा लटकलेल्या आहेत. माणकोली, खारेगाव, साकेत पूल, माजिवडा. तिथून पूर्व द्रुतगती मार्गाने थोडं पुढे कॅडबरी जंक्शन. कॅडबरी इंडियाचं नाव २०१४ मध्ये माँडेलीझ झालं, पण जंक्शन कॅडबरीच राहिलं. उजवीकडे पोखरण रोड नंबर एक, आणि आलं वर्तकनगर. मी रविवारी दुपारी दीडला पोचलो.

वर्तकनगरच का, असं बरेच जण विचारतात. वागळे इस्टेट जवळ, हे एक. एमआयडीसीची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ला झाली, आणि वागळे इस्टेट तिच्या अगदी जुन्या वसाहतींपैकी. आपल्या कॉलेजचे जुने मेकॅनिकलवाले तिथे शॉप फ्लोअरवर लागायचे, आता त्याच गल्ल्यांत आयटी पार्क उभे आहेत. रेमंडची लोकरीची गिरणी १९२५ मध्ये याच भागात सुरू झाली होती, त्या जमिनीवर आता टॉवर आहेत. म्हाडाच्या जुन्या इमारती, साईबाबांचं मंदिर, दहा मिनिटांवर उपवन तलाव आणि मागे येऊरचं जंगल. मराठी वस्ती असल्यामुळे पहिल्या महिन्यात परकं वाटत नाही, आणि खानावळीत पोळीला पोळी म्हणावं की चपाती यावरून जे काही वाद व्हायचे ते होतातच.

सामानाचं थोडक्यात. जड वस्तू मागे कॅरिअरवर उंच बांधू नका, पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल थरथरतं. दोन्ही बाजूंना सारखं वजन, शक्य तितकं खाली. चेन, हवा, ब्रेक लायनर आणि क्लच केबल निघायच्या आठवडाभर आधी बघून घ्या. आदल्या दिवशी नवीन पार्ट टाकू नका, त्याचं दुखणं रस्त्यात कळतं. मूळ मार्कशीट आणि डिग्री बाईकवरून नेऊ नका. जॉइनिंगला ओरिजिनल लागतात आणि इगतपुरीचा पाऊस 'वॉटरप्रूफ' बॅगेलाही जुमानत नाही. माझी फाईल बाबांनी नंतर रेल्वेने आणली. फोनचं लाइव्ह लोकेशन घरी एकाला आणि वाटेतल्या एका मित्राला द्या. महामार्गावर मदतीसाठी १०३३, बाकी कुठल्याही संकटात ११२. तुम्हाला रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं तर थांबा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही.

पोचल्यावरचं एक काम सगळे विसरतात. गाडी महाराष्ट्रातलीच असल्यामुळे नंबर बदलावा लागत नाही, एमएच २७ तसाच चालतो. पण पत्ता बदलला की तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी बाबांच्या नावावर असेल आणि ते अमरावतीलाच असतील तर प्रश्न नाही, आरसी, इन्शुरन्स आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये किंवा खिशात ठेवा. तुमच्या नावावर असेल तर पत्त्याचा पुरावा लागेल, आणि तो म्हणजे नोंदणी केलेला भाडेकरार. खोली बघताना भाड्याच्या आधी दोन गोष्टी विचारा : करार रजिस्टर करून देणार का, आणि गाडी कुठे लावायची. म्हाडाच्या जुन्या इमारती बांधल्या तेव्हा घरटी दोन बाईक असतील असं कोणाच्या डोक्यात नव्हतं. आमच्या गल्लीत रात्री दहानंतर जागा मिळत नाही, म्हणून मी साडेनऊला गाडी लावून मग जेवायला जातो.